बिजवाईचं वांगं

वसंत ऋतूबद्दल मराठीत जे काही गोड लिहून ठेवलं आहे, ते लिहिणाऱ्यांपैकी एकानेही वैशाखातल्या दुपारी अकोल्याला गाडी बदललेली नसावी. पंचांग म्हणतं, चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. पंचांगाचं काय जातं, त्याला घाम येत नाही. 2024 च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर चढला तेव्हा प्रशासनाने उन्हापायी जिल्ह्यात कलम 144 लावलं होतं. मोर्चे, मिरवणुका, निवडणुका यांच्यासाठी जमावबंदी लागते हे आम्हाला ठाऊक होतं. ऋतूमुळेही ती लागते, हे अकोल्याने दाखवून दिलं. आम्ही अमरावतीकर त्यावर पुष्कळ हसलो. आमचा पारा अकोल्याहून सहसा अंश-दीड अंश खाली असतो, आणि वऱ्हाडात शेजारच्या गावाला हसायला एवढा फरक पुरतो.

आमचा खरा वसंत महाशिवरात्रीच्या आगेमागे येतो आणि होळीची राख थंड व्हायच्या आत निघून जातो. तेवढ्या दिवसांत पळस फुलून घेतो, कडुनिंबाला मोहोर येतो, तूर घरात आलेली असते, वावरातल्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या असतात. घराघरांतून कूलर खाली काढून त्याच्या ताट्यांत नवा वाळा भरण्यावरून नवराबायकोत बोलाचाली सुरू होते. याच दिवसांत सांदवाडीत ढेमसं, काकडी, दोडकं, गवार जमिनीच्या वर आलेली पाहिजे, नाही तर मग कधीच नाही. आमच्याकडे या सगळ्याचं एक वेळापत्रक आहे: माघात बी, फाल्गुनात वेल, चैत्रात भाजी, वैशाखात सरपण.

सांदवाडी म्हणजे घरामागची ती जागा, जिथे बोअर, कपडे धुवायचा दगड, मोडकी सायकल आणि भाजीपाला एकोप्याने नांदतात. आमची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती चप्पल ठेवून घेते; उन्हाळ्यात भेगाळली की आख्खा पाय मागते. हिच्यात काहीही उगवतं असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. फक्त उगवल्यावर ते टिकवायचं काम जमीन आपल्याकडे घेत नाही. भेदराचंच, म्हणजे टोमॅटोचंच पाहा. रोप तरारतं, पिवळी फुलं येतात, शेजारच्या काकू कौतुक करून जातात आणि पारा अडतीसला टेकला की फुलं देठासकट गळून पडतात. काकू दृष्ट लागली म्हणतात. भेदराच्या फुलाला दिवसाची पस्तिशीच्या वरची गरमी आणि रात्रीची उकाड सोसत नाही, हे शास्त्रातलं कारण मी त्यांना सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी विचारलं, "मंग बाजारात कुठून येते?"

आता बाजारातलं आणि घरचं, हा भेद अलीकडे फारच टोकाला गेला आहे. पूर्वी एखाद्या पोट्ट्याला गावरान म्हटलं की त्याचं लग्न लांबायचं. आता भाजीला गावरान म्हटलं की भाव दुप्पट होतो. अमरावतीच्या इतवारा बाजारात मी एका बाईंना 'गावरान पानकोबी' विकताना ऐकलं आहे, आणि लोक ती घेतही होते. भेदरं, मिरची आणि कोहळं (म्हणजे लाल भोपळा) ही तिन्ही मंडळी मूळची अमेरिकेकडची, पोर्तुगीजांच्या काळात समुद्र ओलांडून इकडे आलेली. पण ज्या गोष्टीची चव आजीला आठवते ती गावरान, एवढी सोपी व्याख्या असताना कोलंबसाला कोण विचारतो? वांगं मात्र इकडचंच, आणि ढेमसंही. म्हणूनच की काय, वऱ्हाडात भांडण होतं ते वांग्यावरून.

माझी सासुरवाडी अकोल्याची, जठारपेठेतली. लग्नानंतर मला पहिल्यांदा कळलं की वांगं ही भाजी नसून घराणं आहे. सासूबाईंकडचं वांगं हिरवट पांढरं, बुटकं, देठाला असे काटे की तोडणाऱ्याने आधी विचार करावा. पऱ्हाटीच्या विस्तवावर ते भाजलं की साल कागदासारखी निघते आणि आतला गर ताटात वाट पाहायला लावत नाही. आमच्या आईकडचं वांगं जांभळं, पट्ट्यांचं. दोन्ही बाजूंच्या बायका एकमेकींच्या वांग्याला 'चांगलं हाय' असं म्हणतात. पण ते कोणत्या सुरात, हे ज्यांनी ऐकलं आहे त्यांना विहिणींचं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 2016 साली जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "आमच्या वांग्याले काहून नाई देल्लं?" मी म्हटलं, त्यासाठी अर्ज करावा लागतो. त्या म्हणाल्या, "अर्ज कायले? एक डाव येऊन भरीत खाऊन जा म्हना त्याईले."

अकोल्याच्या माणसाला बियाण्याचा असा गर्व असणं साहजिक आहे. 1969 साली पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ तिथे निघालं. पंजाबराव मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, हे आम्ही लगेच सांगतो आणि ते अकोलेकर लगेच ऐकेनासे होतात. त्याच विद्यापीठाच्या आवारात 1977 पासून राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोचं प्रादेशिक केंद्र आहे. नाव उच्चारेपर्यंत बी रुजून यावं. पण काम मोठं आहे. गावोगावचं जुनं वाण गोळा करायचं, लावून पाहायचं, त्याची नोंद ठेवायची आणि दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत जमा करायचं. तिथे उणे 18 अंशांत देशभरातली साडेचार लाखांच्या वर वाणं निजलेली आहेत. प्रत्येक देशी वाणाला आयसीपासून सुरू होणारा क्रमांक, आणि कुठल्या गावातून, कधी, कुणाकडून आणलं याची टिपणी. त्या टिपणीला त्या धंद्यात पासपोर्ट म्हणतात.

पासपोर्टची पद्धत सासूबाईंकडेही आहे. पलंगाखालचा पत्र्याचा डबा उघडला की आत जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पुड्या निघतात, दोऱ्याने बांधलेल्या, राखेत घोळलेल्या, मधूनमधून कडुनिंबाचा पाला. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने नोंद. 'वांगं, पांढरं, थोरल्या जाऊबाई, खरं.' 'ढेमसं, मूर्तिजापूरची मामी, बरं.' 'दोडकं, लग्नातलं.' कोणाच्या लग्नातलं, हे लिहायची गरज नाही. ते लग्न मोडता मोडता राहिलं होतं आणि पाहुणे तीन दिवस मुक्कामी होते, त्यामुळे सगळ्यांच्या लक्षात आहे. 'चुका, दर्यापूर, पाणी खारं.' आणि एका जाड पुडीवर नुसतंच: 'काय हाय माहीत नाई, पन चांगलं हाय.' ही शेवटची पुडी मी अनेक वर्षं तशीच पाहतो आहे. ती लावून बघू म्हटलं, तर सासूबाई म्हणतात, "अन् खराब निंगालं तं?"

दर्यापूरचं ते खारं पाणी म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून एक मोठा पट्टा असा पसरला आहे की खाली बोअर मारली तर खारं पाणी लागतं. पिकाला देता येत नाही, प्यायला तर नाहीच. तिकडच्या आमच्या एका मामेसासऱ्यांनी या गंभीर प्रश्नावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. पाहुण्याच्या ताटात चुक्याची भाजी वाढताना ते सांगतात, "मीठ वरून घेऊ नोका बाप्पा, विहिरीतूनच आलं हाय." भाजी खरोखर चांगली असते. पण दोन घास झाले की पाणी मागावं लागतं, आणि तेही ते त्याच चेहऱ्याने आणून देतात.

देशी बियाण्याची गंमत अशी की ते सरळ असतं. संकरित वांग्याचं बी काढून पुढल्या साली लावलं तर भावकीतल्यासारखी एकेक तऱ्हा बाहेर पडते: एक लांब, एक गोल, एक बिनकाट्याचं, एक काहीच न देणारं. देशी वाण मात्र बहुतेक वेळा आईच्या वळणावर जातं. बहुतेक वेळा, एवढ्यासाठी की वेलवर्गीयांत मधमाशी हे मध्यस्थाचं खातं सांभाळते आणि मधमाशी पत्रिका पाहत नाही. काकडी आणि वाळूक शेजारी लावा, सोयरीक जुळणार नाही. दिसायला बहिणी पण कुळी वेगळी. वाळूक, फूट, डांगर आणि कडू शेंदाड हे मात्र सगळे एकाच कुळीतले. यातली दोन एका कुंपणाशी लावली आणि त्यांचंच बी धरलं, की पुढल्या वर्षी वेलावर जे लटकतं त्याला नाव काय द्यावं हे घरातल्या कुणालाच सुचत नाही. एका साली आमच्याकडे असं एक फळ आलं. शेजारच्या काकूंनी चाखून पाहिलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "आंब्याच्या लोणच्यात घालून पाहा." वऱ्हाडात एखाद्याला नोकरी लागत नसली की त्याला वकिली करायला सांगतात, त्याच सुरात.

या सगळ्या वाणांना राखायचं म्हणजे बिजवाई धरायची, आणि बिजवाई धरणं ही घरातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण झाडावरचं सर्वांत देखणं फळ खायचं नसतं. आमच्याकडे फाल्गुनात एके दिवशी बायको वांग्याच्या वाफ्यात शिरते, प्रत्येक झाडाभोवती फिरते, पानं उलटी करून पाहते आणि मग निरोगी झाडावरच्या एका फळाच्या देठाला लाल दोरा बांधते. त्या क्षणापासून ते वांगं सरकारी. हिरवट पांढरं होतं ते फुगतं, मग पिवळं पडायला लागतं, मग चांगलं हळदीसारखं पिवळंजर्द होऊन फांदीला जमिनीपर्यंत वाकवतं. बाकीची वांगी भाजीत जाताना ते फक्त बघत असतं. पाहुणे येतात, त्यांच्यातला एखादा सांदवाडी बघायला जातो, परत येऊन म्हणतो, "वहिनी, तुमचं एक वांगं पिकून चाल्लं ना." असं म्हणणाऱ्याला आमच्याकडे चहा कमी साखरेचा मिळतो.

गेल्या चैत्रात बाहेरची वानरं आली. अमरावतीला वडाळी-पोहऱ्याचं जंगल अगदी शहराच्या पाठीला लागून आहे. तिकडे पाणी आटलं की काळ्या तोंडाची टोळी कंपाउंडवरून कंपाउंडवर अशी येते, जणू नगररचना विभागाचीच पाहणी चालली आहे. त्यांनी आमची ढेमशी पाहिली. प्रत्येक ढेमसं तोडलं, एक चावा घेतला, टाकलं, पुढचं तोडलं. वेल संपेपर्यंत एकाही ढेमशाला दुसरा चावा मिळाला नाही. मग त्यांच्यातलं एक थोराड वानर वांग्यांकडे वळलं आणि त्याने नेमकं लाल दोऱ्याचं वांगं उपटलं. बायकोने काठी घेऊन जे काही उच्चारलं ते वऱ्हाडी बोलीच्या कुठल्याही शब्दकोशात मिळणार नाही. वानराने शांतपणे एक चावा घेतला. पिकलेलं वांगं कडवट आणि बियांनी गच्च भरलेलं असतं. त्याने तोंड वाकडं केलं, वांग्याकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं, आणि ते खाली टाकून दिलं.

बायकोने ते उचलून पुसलं. "एवढी अक्कल वानेराले हाय," ती म्हणाली, "पाहुन्याईले नाई."

मग त्या उष्ट्या वांग्याची रीतसर बिजवाई झाली. फोडी केल्या, गर परातीत पाण्याखाली चोळला. त्यात एक साधी चाळणी-परीक्षा असते: जे बी भरलेलं ते तळाशी बसतं, पोचट ते वर तरंगतं. तरंगणारं ओतून द्यायचं, तळाचं चहाच्या गाळणीतून निथळायचं. (तोच आमच्या घरातला वर्षातून एकदा येणारा दिवस, ज्या दिवशी दुपारच्या चहाला वांग्याचा वास येतो आणि कुणीही तक्रार करत नाही.) मग राखेत घोळून सावलीत कागदावर पसरायचं. उन्हात नाही, आमच्या उन्हात बी वाळत नाही, भाजतं. चिमूटभर बी निघतं, पिवळट, चपटं, मसुरीच्या पावभर आकाराचं. ते वाळेपर्यंत पंखा लावायचा नाही, हा हुकूम. चैत्रात, अमरावतीत, पंखा लावायचा नाही. दिल्लीच्या जनुक पेढीला उणे 18 अंश राखायला किती वीज लागते मला ठाऊक नाही, पण आमच्या घरच्या पेढीने त्या दिवशी विजेची बचतच केली.

एवढा खटाटोप करून भाजी किती मिळते, हा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात. चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंतीला आमच्याकडे रोडगे असतात. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, त्यावर तुपाची धार, आणि सोबत वांग्याची भाजी, जी पातळ, तिखट आणि मोठ्या कढईत झाली तरच झाली म्हणायची. त्या कढईला लागतात पाच-सहा किलो वांगी. सांदवाडीतून निघतात ओंजळभर. उरलेली मी सकाळीच, कुणी बघायच्या आत, इतवाऱ्यातून आणतो. सगळी एकाच कढईत पडतात. आणि जेवणाऱ्यांत दर साली एक तरी जण पहिला घास घेऊन डोळे मिटतो आणि म्हणतो, "गावरान वांग्याची चवच अल्लग." सासूबाई तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत, मी त्यांच्याकडे बघत नाही.

त्या स्वतः मात्र घरच्या बियाण्याबाबत कडक आहेत. बियाणं विकायचं नाही. मागितलं तर द्यायचंच, पण दिल्याचं विसरायचं नाही. कोणाकडे काय दिलं याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो आणि चार वर्षांनी त्या घरी गेल्या की सांदवाडीत जाऊन व्याजासकट तपासतात. 2020 साली राहीबाई पोपेरेंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. 'बीजमाता अकोल्याची' असं त्यांनी अर्ध्या जठारपेठेला सांगितलं. राहीबाई कोंभाळण्याच्या, तालुका अकोले, तो तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, इथून शेकडो किलोमीटर, हे मी अदबीने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या अमरावतीची तं नाई ना? मंग झालं."

त्यांच्या डब्यातलं पांढरं वांगं आमच्याकडे आलं तेही असंच, लेकीला दिलं म्हणून. अमरावती-अकोला रस्ता तेव्हा असा होता की रोपं पिशवीतून निघायची वाफ्यातली आणि पोचायची कोशिंबिरीतली. पुढे 2022 च्या जूनमध्ये त्याच रस्त्यावर 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरून गिनीजच्या पुस्तकात नाव गेलं. तेव्हापासून रोपं तरी ताठ पोचतात. आमच्या मातीत ते वांगं रुळलं. काटे तेवढेच राहिले, आकार थोडा वाढला. बायको तेव्हापासून त्याला 'आपलं' म्हणू लागली. हे अकोल्यापर्यंत पोचलं, पण तिकडून उत्तर आलं नाही. वऱ्हाडात उत्तर न येणं ही तहकुबी असते, माघार नसते.

नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर 2008 मध्ये जगातल्या बियाण्यांची एक तिजोरी डोंगराच्या पोटात उघडली. देशोदेशीच्या पेढ्या आपल्या वाणाची एक जास्तीची प्रत तिथे ठेवतात, इकडे काही बरंवाईट झालं तर असावी म्हणून. 2016 मध्ये त्या तिजोरीच्या बोगद्यातही बर्फ वितळून पाणी शिरलं. बियाणं सुखरूप राहिलं. जठारपेठेत बर्फ नव्हता, कूलर होता. गेल्या उन्हाळ्यात त्याची टाकी रात्रभर पलंगाखाली गळली आणि पत्र्याच्या डब्यात तळाला असलेल्या पुड्या सकाळी नुसता लगदा. मूर्तिजापूरच्या मामीचं ढेमसं गेलं, लग्नातलं दोडकं गेलं, पांढरं वांगं गेलं. 'काय हाय माहीत नाई' ही पुडी वरच्या थरात होती, ती वाचली.

दोन दिवसांनी बायकोला फोन आला. हवापाणी, नातवंडं, विजेचं बिल असं सगळं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुयाकडे त्या वांग्याची बिजवाई असन ना?"

"हाय ना," बायको म्हणाली. "पन आता ते अमरावतीचं हाय, असं आधी कबूल कर."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग आवाज आला, "कोनाले? तुमाले फक्त ठेवाले देल्लं होतं."

पुडी घेऊन मलाच जावं लागलं. एसटी मूर्तिजापूरपर्यंत उभ्याने, पुढे बसून. सासूबाईंनी पाणी दिलं, पंखा लावला, आणि मी चहा पीत असताना माझ्यासमोरच पुडी सोडून बी पेल्यातल्या पाण्यात टाकलं. जवळजवळ सगळं तळाला बसलं. तीनच बिया वर राहिल्या, पेल्याच्या कडेला चिकटून फिरत. त्यांनी पेला डोळ्यांपाशी नेला, नीट पाहिलं आणि त्या तीन बिया बोटाने अलगद बाहेर काढल्या.

"हे तुमच्याकडलं असन, जवाईबुवा," त्या म्हणाल्या.